गोव्यातल्या मोपा विमानतळावरचं लाउंज: बँकेच्या शब्दावर विसंबून जाऊ नका

लाउंज म्हणजे विमानतळावरची सोफे आणि खाणं असलेली प्रतीक्षा खोली, बऱ्याच बँक कार्डांवर तिथे फुकट जाता येतं. पण बँकेचा माणूस फोनवर ‘मॅडम, तुमच्या कार्डावर लाउंज चालू आहे’ म्हणाला, तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. मला हेच सांगितलं होतं, एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या माणसांनी. आणि सुरक्षा तपासणी ओलांडून लाउंजच्या दारात पोचल्यावर माझे आणि आत्याचे मिळून दोन हजारांच्या वर रुपये रोख मोजावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही फोंड्याच्या. मी आणि माझी आत्या, वय 74, दोन्ही गुडघे दुखणारे. मोपाहून दिल्ली आणि पुढे काशी. काशीचे दिवस उत्तम गेले, गंगा आरती झाली, दर्शन झालं, कुठे काही अडलं नाही. त्यावर लिहिण्यासारखं नाही. डोकं फिरलं ते निघतानाच.

तिकिटावर आधी विमानतळ बघा. गोव्यात आता दोन आहेत आणि घरातली जुनी माणसं अजून ‘एअरपोर्ट’ म्हटलं की दाबोळीच धरतात. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू आहे. दोन्हींमध्ये गाडीनं दीड-दोन तासांचं अंतर सहज पडतं, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी पोचलात तर लाउंज सोडा, विमानही जातं.

मग रस्ता. फोंड्याहून पणजी, पर्वरी, म्हापसा, धारगळ असं सरळ वाटतं, पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि त्या पट्ट्यात आम्ही इतके अडकलो की आत्या ‘बाय, परत घराक वचूया’ म्हणाली. पूल पूर्ण होऊन वाहतूक मोकळी झाल्याची खात्री असल्याशिवाय या वाटेनं विमानाला जाऊ नका. माशेल, खांडोळा, आमोण्याचा पूल, डिचोली, अस्नोडा करत म्हापशाच्या पुढे निघा. रस्ता अरुंद आहे, खनिजाचे ट्रक लागतात, पण चालत राहतो. परतताना आम्ही असेच आलो आणि मन शांत होतं. टॅक्सी करणार असाल तर ओला-उबर इथे नाही हे बाहेरून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गोवा माइल्सचं ॲप किंवा विमानतळावरचं टॅक्सी काउंटर. एकटे असाल, सामान कमी असेल तर पणजी-म्हापशासाठी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस आहेत, त्याच घ्या.

आता लाउंज. आत्याला गेटसमोरच्या खुर्च्यांत दोन तास बसवणं मला नको होतं. पाठ टेकायला सोफा, जवळ स्वच्छतागृह, वेळेवर काहीतरी गरम खायला, एवढ्यासाठीच मी आठवडाभर आधी बँकेला फोन केला. विचारलं, ‘या महिन्यात मोपाला माझं कार्ड चालेल का? ॲड-ऑन कार्डावर, म्हणजे माझ्याच खात्यावरच्या जादा कार्डावर, आत्याला नेता येईल का?’ दोन्हीला हो. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा फोन, पुन्हा हो.

काउंटरवरच्या मुलीनं कार्ड मशीनमध्ये घातलं. माझ्या मोबाइलवर 2 रुपये कापल्याचा मेसेज आला. हे 2 रुपये कार्ड तपासण्यासाठी कापतात, त्याला घाबरू नका. पण मेसेज आला म्हणजे प्रवेश मिळाला असंही नाही. मशीनमधून चिठ्ठी बाहेर आली, तिनं ती वाचली आणि माझ्यासमोर धरली: पात्र नाही. ॲड-ऑन कार्डाचंही तेच. व्हीलचेअरवर आत्या, तिच्या मांडीवर दोघींच्या पर्स, मागे आठ-दहा माणसं ताटकळलेली. मी तिथूनच बँकेला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, ‘मॅडम, आता पैसे भरा, नंतर परत मिळतील.’ भरले. घरी आल्यावर बँकेचं उत्तर आलं की असा परतावा देण्याची तरतूदच नाही. काउंटरवरच्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही, उलट तिनंच आत्याला आधी आत नेऊन बसवलं.

अडलं कुठे ते मला नंतर कळलं, आणि हेच प्रत्येकानं आधी तपासायचं आहे. बहुतेक बँकांनी लाउंजला खर्चाची अट जोडली आहे आणि ती बहुधा आधीच्या तिमाहीच्या खर्चावर चालते. आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांवर 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्चाची अट आली, ती 15 नोव्हेंबर 2024 पासून 75,000 झाली. ॲक्सिसनं 1 मे 2024 पासून काही कार्डांना मागच्या 3 महिन्यांत 50,000 रुपयांची अट घातली. एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाला 1 डिसेंबर 2023 पासून तिमाहीला 1 लाख रुपये. माझी बँक या तिघींतली नाही, पण तऱ्हा तीच. म्हणजे आधीच्या तिमाहीची अट असेल आणि मे महिन्यात उडायचं असेल, तर जानेवारी ते मार्चचा खर्च मोजला जातो. मला फोनवर उत्तर देणाऱ्यांनी चालू तिमाहीचा आकडा बघून ‘हो’ म्हटलं होतं. शिवाय घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे असले खर्च बऱ्याच बँका या हिशेबात धरत नाहीत. अटी कधीही बदलतात, म्हणून तुमच्या कार्डाचा आजचा नियम बँकेच्या साइटवर स्वतः वाचा.

तेव्हा फोन करू नका, ईमेल करा. त्यात प्रवासाची तारीख, मोपा की दाबोळी, कार्डाचं पूर्ण नाव, आणि ॲड-ऑन कार्डाला वेगळा प्रवेश आहे का, एवढं स्पष्ट विचारा. उत्तर लेखी हवं. व्हिसा, मास्टरकार्ड आणि रूपे या कार्डांच्या लाउंजच्या याद्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे मैत्रिणीचं कार्ड तिथे चाललं हा पुरावा नव्हे. जुने व्हिडिओ बघून तर अजिबात ठरवू नका. ड्रीमफोक्स कंपनीमार्फत देशात असंख्य कार्डांना लाउंज मिळायचं, तिनं 16 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केली. त्याआधीची माहिती आता कुचकामी आहे.

आत काय? सोफे चांगले, चार्जिंगची सोय, स्वच्छतागृह खरंच स्वच्छ. आत्यानं पाय वर घेतले आणि दहा मिनिटांत डोळा लागला, ते बघून माझा निम्मा राग उतरला. खाणं मात्र साधं. इडलीच्या कडा सुकलेल्या, सांबार गरम, पुलाव ठीक, चहा मशीनचा. गर्दीच्या वेळी भांडं रिकामं झालं की भरायला वेळ लागतो. साधारण दोन तास बसू देतात आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत यायला परत कार्ड लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. कार्डावर प्रवेश पक्का असेल आणि सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर जरूर जा. रोख पैसे भरून धडधाकट माणसानं जाण्यात काही अर्थ नाही. वाटेत म्हापशाला उतरा, पातळ भाजी-पाव, मिरची भजी आणि चहा घ्या, पोट जास्त भरेल आणि चवही लागेल. विमान तासाभरात असेल तर कार्ड चालत असूनही जाऊ नका. बॅगा जमा करण्याचं काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतं आणि गेट 25 मिनिटं आधी, त्यात लाउंजची रांग धरून घास गिळत पळावं लागतं.

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा, तिचे पैसे पडत नाहीत. ढकलणारा सहाय्यक सहसा गेटपर्यंत पोचवून निघून जातो. लाउंजला जायचं असेल तर त्याला आधीच सांगा आणि परत न्यायला किती वाजता यायचं ते ठरवून त्याचा मोबाइल नंबर घ्या. आमची व्हीलचेअर ढकलणारा मुलगा ठरल्या वेळेला हजर झाला, त्याच्यामुळेच आत्या शांतपणे विमानात चढली.

आणि बँकेनं असं फसवलं तर गप्प बसू नका. पैसे भरल्याची पावती, 2 रुपयांचा मेसेज आणि तुमच्या फोन केल्याच्या वेळा जपून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. माझी तक्रार गेली आहे. त्यात मी एकच मागणी केली आहे: त्या फोनचं रेकॉर्डिंग काढून ऐका.