बाबांचा उजवा हात

डिचोली, सोमवार, रात्री साडेनऊ.

बाबांना अर्धांगवायू झाल्याला आज सहा आठवडे झाले. त्यांच्या उजव्या हाताचे सांधे हलवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी महिनाभर चुकीचे करीत होतो, हे आज फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवून दिले. मी मनगट धरून हात सरळ डोक्याकडे ओढीत असे. निरोगी माणूस हात पूर्ण 180 अंश वर नेतो, तेव्हा त्यातले सुमारे 120 अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले 60 पाठीवरचा खवाटा फिरल्यामुळे मिळतात. लुळ्या पडलेल्या बाजूला खवाटा आपणहून फिरत नाही, दंडाचे हाड खोबणीत धरून ठेवणारे स्नायूही सैल झालेले असतात, म्हणून नुसता हात ओढला तर आतला मऊ भाग चेंगरतो आणि खांदा दुखू लागतो. बाबा कण्हत होते ते यामुळे. मी मात्र त्यांना धीर धरायला सांगत होतो!

ताईंनी माझा एक तळवा खवाट्यावर आणि दुसरा बाबांच्या कोपराखाली ठेवला. हात तूर्त खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा, तोही सावकाश, कारण झटका बसला की स्नायू उलट ताठरतात. कोपर वाकवताना शेवटी मांसाला मांस टेकल्याचा मऊपणा लागतो, सरळ करताना हाडाला हाड भिडल्यासारखे एकदम अडते; हे दोन शेवट मी आज डोळे मिटून पुनःपुन्हा चाचपले.

शेजारचे म्हणतात, रोज हलवा, बळ येईल. अशा हालचालीने बळ येत नाही, कारण त्यात बाबांचे स्नायू काहीच काम करीत नाहीत. सांधा आखडू नये, पुढेमागे हातात हालचाल परतली तर तो तयार असावा, एवढ्यासाठीच ती करायची. बळासाठी बाबांना स्वतः प्रयत्न करायला लावणे हा ताईंच्या तासाचा वेगळा भाग आहे.

पण तीस वर्षे बस चालवलेल्या माणसाला आपला हात दुसऱ्याच्या हवाली करणे जमत नाही.

“काका, हात सैल सोडा,” ताई म्हणाल्या.

“सोडलाय की,” बाबा म्हणाले, आणि डाव्या मुठीत त्यांनी चादर घट्ट आवळून धरली होती.