मेलेल्यांच्या संग्रहात माझी एक कथा

एका कथासंग्रहासाठीचं आवाहन छोटंसं होतं. फँटसी कथा हवी, तिच्यात मेल्यावरही न मेलेलं कोणीतरी हवं, शब्दमर्यादा पाच हजार, आणि साथीच्या रोगाने उठलेल्या प्रेतांच्या झुंडी शक्यतो नकोत. त्या शेवटच्या अटीमुळेच मी कथा पाठवली. संपादकबाईंनी नंतर सांगितलं, की अशा संग्रहासाठी येणाऱ्या ढिगातला मोठा वाटा झुंडींचाच असतो. त्या कथांत प्रेतांच्या जागी पूर किंवा वणवा घातला तरी कथेला काही फरक पडत नाही. माणसं घरात कोंडली जातात, एकमेकांवर उलटतात, बाहेर काहीतरी दार वाजवत राहतं.

माझ्या कथेतल्या राज्यात कर्ज मरणाने फिटत नाही. कर्जदार मेला की त्याचं प्रेत उठवून मिठागरावर कामाला लावतात आणि त्याची मजुरी कर्जखात्यात वळती करतात. खातं मिटलं की प्रेत मोकळं. निवेदिका त्या मिठागरावरची कारकूनबाई. खातेवही तिच्याकडे, आणि त्या मजुरांत तिची आई. शेवटच्या परिच्छेदात कळायचं, की कारकूनबाईही केव्हाच मेलेली आहे आणि स्वतःचंच कर्ज फेडते आहे.

बाईंचं उत्तर आलं: कथा घेतली, शेवट काढा. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मुखपृष्ठावरच प्रेत आहे. वाचक पहिल्या पानापासून प्रत्येक पात्राची नाडी तपासत बसणार. तुमच्या कारकूनबाईला दुसऱ्या परिच्छेदात पकडतील, आणि मग उरलेली पानं तुम्ही कधी कबूल करताय याची वाट बघत बसतील."

एका विषयावरच्या संग्रहाचं हे गणित मला तोवर कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. हीच कथा एखाद्या मासिकात एकटी आली असती तर तो शेवट चालून गेला असता. पण जिथे वाचक मेलेल्यांनाच भेटायला आला आहे, तिथे "हा तर मेलेला होता" याला धक्का म्हणत नाहीत. म्हणून शेवटचं गुपित उचलून पहिल्या वाक्यात ठेवलं: "मला मरून तिसरं वर्ष चालू होतं, आणि हिशेब अजून जुळत नव्हता."

ते वाक्य वर गेल्यावर खालचं सगळं हललं. ही बाई मेली आहे का, हा प्रश्नच संपला. मग वाचकाने पुढे कशासाठी वाचायचं? बरेच दिवस मी त्याच वाक्यापाशी अडून होते. उत्तर खातेवहीत सापडलं. आईचं खातं मिटलं तर आई जाणार, कायमची. मग कारकूनबाई काय करेल? आईच्या नावावरची मजुरी थोडी थोडी कमी लिहील. ज्या आईला ती सोडवायला हवी, तिलाच रोज अर्धा दिवस कापून अडकवून ठेवेल. ही लबाडी पहिल्या खर्ड्यात कुठेच नव्हती. गुपित लपवायच्या नादात तिला जागाच उरली नव्हती.

करारनाम्याबद्दल थोडक्यात. प्रथम प्रकाशनाचे हक्क त्यांचे, वर्षभर कथा दुसरीकडे द्यायची नाही, त्यानंतर ती माझी. श्राव्य आवृत्तीचा उल्लेख नव्हता, तो लिहून घेतला. मानधन एकरकमी. अशा संग्रहांत कुठे शब्दामागे दर असतो, कुठे नुसत्या प्रती देतात. जे असेल ते कागदावर असावं, एवढंच.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडला, म्हणून त्यावर रेंगाळते. बाईंनी सगळ्या कथा सगळ्या लेखकांना वाचायला दिल्या आणि आम्हाला एकत्र बसवलं. आधी वाटलं, एकमेकांची पाठ थोपटून चहा पिऊन उठू. पण पहिल्याच कथेवर वाद पेटला: हिला संग्रहात घ्यायचं का? त्या कथेत एक परका आत्मा प्रेतात शिरतो आणि ते चालवतो. एक सहलेखक म्हणाला, हा मेलेला माणूस परत आलाच नाही, त्याच्या घरात भाडेकरू आला. मी वेताळाची बाजू घेतली. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला. त्यातल्या पंचवीस गोष्टींतला वेताळ असाच आहे, झाडाला लटकलेलं प्रेत एकाचं आणि आतून बोलणारा दुसराच. राजा ते प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगून शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसला तर राजाच्या डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. आपण लहानपणापासून ऐकलेलं हे प्रेत सगळ्या संग्रहांच्या आधीचं आहे, त्याला दारात अडवायचं म्हणजे काय!

त्या वादातून एक उपयोगी वाटणी निघाली. शरीर आहे पण आत कोणी नाही, तो एक गट, झोंबी त्यातले. शरीरही त्याचं आणि मनही त्याचंच, तो दुसरा. व्हॅम्पायर त्यातले, आणि आइसलँडच्या सागांमधला, म्हणजे तिथल्या जुन्या वीरकथांमधला, ड्राउगरही, जो आपल्या थडग्यातून उठून पहिलवानासारखा कुस्ती खेळतो. शरीर एकाचं, मन दुसऱ्याचं, तो तिसरा, वेताळाचा. नुसतं मन आणि शरीर नाही, म्हणजे भूत. त्याला आम्ही बहुमताने बाहेर ठेवलं. गमतीत काढलेली ही वाटणी मला फार कामाला आली. माझे मिठागरावरचे मजूर पहिल्या गटातले आणि कारकूनबाई दुसऱ्या गटातली, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग प्रश्न आला: तिचं मन शाबूत का आणि आईचं का नाही?

उत्तराचा धागा दुसऱ्या सहलेखिकेने दिला. तिने हैती या कॅरिबियन देशातल्या लोककथा पुष्कळ वाचल्या होत्या. ती म्हणाली, "मिठागर का घेतलंत? तिथल्या समजुतीत झोंबीला मीठ चाखवलं की त्याला आपण मेलोय हे कळतं आणि तो आपल्या थडग्याकडे चालू लागतो." मला मिठागर घ्यावंसं वाटलं होतं ते केवळ त्या पांढऱ्या, झाडाझुडपाविना पसरलेल्या उजेडासाठी. हैतीतला झोंबी माणसं खात नाही. तो राबतो. गुलामीतून गेलेल्या लोकांची ही भीती आहे, की मरणानेसुद्धा मालकाच्या मळ्यातून सुटका होणार नाही. अमेरिकेने 1915 ते 1934 या काळात हैती ताब्यात ठेवलं होतं. त्याच काळात, 1929 मध्ये, एका अमेरिकन प्रवाशाच्या पुस्तकातून हा राबणारा झोंबी इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. माणसांचं मांस खाणारी झुंड जगभर रुजवली ती 1968 च्या एका अमेरिकन चित्रपटाने, आणि गंमत म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्द कोणी उच्चारतसुद्धा नाही. माझं कर्जाचं मिठागर नकळत जुन्या झोंबीच्या शेजारी जाऊन बसलं होतं.

मीठ चाखलं की जाग येत असेल, तर मिठागराचा मालक काय करेल? तोंडं शिवून टाकेल. हे सुचल्यावर मी त्या रात्री कथा पुन्हा उघडली. सगळ्या मजुरांचे ओठ सुतळीने शिवलेले. कारकूनबाईचे तेवढे मोकळे, कारण तिला मोठ्याने आकडे वाचून दाखवावे लागतात. वाऱ्याबरोबर मीठ तिच्या जिभेवर बसलं आणि ती जागी झाली. आता तिच्या हातात दोन गोष्टी आल्या, खातेवही आणि कात्री. एकीने ती आईला अडकवून ठेवू शकते, दुसरीने जागं करू शकते. ती कुठली निवडते ते इथे सांगत नाही.

मग क्रम. संग्रहात कथांचा क्रम लावणं हे एक वेगळंच काम आहे, आणि लेखकाने त्यात नाक खुपसू नये हे मी तेव्हा शिकले. बाईंचे नियम साधे होते. मेलेल्या माणसाने "मी" म्हणून सांगितलेल्या दोन कथा लागोपाठ नकोत. जड कथेनंतर हलकी. पहिली कथा दार उघडणारी असावी, फार विचित्र नको. माझ्या आधी त्यांनी एका जादूगाराची विनोदी कथा लावली. आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो, तसा याने आपला प्राण अंगठीत लपवला आहे आणि आता ती अंगठी सापडत नाही. सगळी कथा घर शोधण्यात जाते. तिथे हसून आलेला वाचक माझ्या पहिल्या वाक्यावर आधी हसतो आणि मग थबकतो. मी मागितलं असतं तरी यापेक्षा बरी जागा मिळाली नसती.

प्रुफं वाचली, शिवलेल्या तोंडाचा एक मजूर चौथ्या पानावर बोलत होता तो गप्प केला, संग्रह बाहेर आला.

वाचकांबरोबरची बैठक ही वेगळीच परीक्षा निघाली. मला वाटलं होतं, कथा कशी सुचली वगैरे विचारतील. तसं कोणी विचारलं नाही. लोक नियम विचारत होते. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या एका वाचक बाईंनी एका सहलेखकाला धरलं, कारण त्याचा नायक मेल्यावर सात-आठ तासांत उठून पळत सुटतो. त्या शांतपणे म्हणाल्या, की स्नायूंना सैल व्हायलाही ऊर्जा लागते. मरणानंतर ती ऊर्जा बनणं थांबतं, म्हणून काही तासांत अंग ताठ होतं, साधारण बारा तासांच्या सुमारास सगळ्यात जास्त, आणि मग दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. "तेव्हा तुमचा नायक पळणार असेल तर लगेच पळू द्या, नाहीतर परवा." सहलेखक म्हणाला, जादू आहे. बाई म्हणाल्या, जादूने उठवा, पण गुडघा वाकेल कसा ते सांगा. सभागृहात हशा पिकला, पण मला त्यांचं म्हणणं पटलं. वाचक अशक्य गोष्ट एकदा मान्य करतो; तिच्यानंतरचं सगळं त्याला हिशेबाने हवं असतं.

व्हॅम्पायरच्या कथेवर तर एका तरुण वाचकाने छोटंसं व्याख्यानच दिलं. फिकट, देखणा, उमराव व्हॅम्पायर हा साहित्याचा. तो 1819 च्या एका इंग्रजी कथेपासून रूढ झाला. त्याआधीचा लोकांचा व्हॅम्पायर खेड्यातला साधा माणूस, फुगलेला आणि लालबुंद. सर्बियातल्या एका खेड्यात उकरलेल्या प्रेतांबद्दल ऑस्ट्रियाच्या लष्करी शल्यवैद्यांनी 1732 मध्ये अहवाल लिहिला. न कुजलेली शरीरं, ताजं दिसणारं रक्त, नवी नखं, सगळं त्यात नोंदवलं आहे. आज आपल्याला माहीत आहे, की आतल्या वायूंनी प्रेत फुगतं, तोंडाशी द्रव येतो, कातडी सुटली की खालचा भाग नव्या नखासारखा दिसतो. "म्हणजे ते वैद्य खोटं लिहीत नव्हते," तो म्हणाला, "जे दिसलं तेच लिहिलं." त्या कथेच्या लेखिकेने लगेच वहीत टिपून घेतलं. बहुधा पुढच्या कथेत एक लालबुंद शेतकरी येणार.

माझी पाळी आली तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. "ताई, एक शंका. मिठाने ही माणसं जागी होतात हे मालकाला माहीत आहे. तोंडं शिवायचा खर्च करतो. मग त्यांना मिठागरावर ठेवतोच कशाला? दगडाच्या खाणीत पाठव की!"

मी उत्तर जुळवत होते. पांढरा उजेड हे काही उत्तर नव्हे, हे कळत होतं. तेवढ्यात त्यांच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, खाणीत कुजतील ना. मिठात टिकतात." क्षणभर कोणी बोललं नाही, आणि मग सगळे एकदम बोलू लागले. खरंच होतं. मीठ मांसातलं पाणी शोषून घेतं, जिवाणूंना वाढू देत नाही, खारवलेलं मांस टिकतं ते त्यामुळेच. ज्या मिठाने मजूर टिकतो त्याच मिठाने तो जागाही होतो. मालकाची सगळी अडचण एका वाक्यात, आणि माझ्या कथेत ती कुठेही लिहिलेली नव्हती. काकांचं मात्र समाधान झालं नाही. ते म्हणाले, मग सुतळी कुजत नाही का? यावर आणखी पंधरा मिनिटं गेली.

वर्ष संपलं की हक्क माझ्याकडे येतील आणि ही कथा मोठी करायची ठरलं आहे, मालकाच्या बाजूनेही. बैठक संपल्यावर मी त्या मुलाला गाठलं आणि त्याचा मुद्दा वापरू का म्हणून विचारलं. तो लाजला, मग हो म्हणाला, पण एक अट घातली: शेवटी मालकाला मारायचं नाही. का, असं विचारल्यावर म्हणाला, "त्याच्यावर कर्ज कुठंय? मेला तर सुटेल की तो."