तुम्ही विचारलंत म्हणून: बांधकामाचं मॅनेजमेंट कॉलेजात कशाला शिकायचं?

लग्नात असो, यात्रेच्या जेवणावळीत असो की बेळगावच्या गणपत गल्लीत खरेदीला गेल्यावर, ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. "सिव्हिल केलीस ते समजलं. त्यावर आणि दोन वर्षं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट? आमच्या गावचा मिस्त्री सातवी नापास, त्यानं अर्धं गाव बांधलंय की!" हल्ली विचारणाऱ्याचा मुलगा किंवा पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिस्त्रीचं तुमचं म्हणणं एकदम बरोबर. बांधायचं कसं हे तो कोर्स शिकवतच नाही. ओळंबा धरून भिंत चढवायला आमच्या प्राध्यापकांना सांगितलं असतं तर वर्गात हसू झालं असतं. तिथं शिकवतात तो थांबण्याचा हिशोब. कोण कुणासाठी थांबलंय, त्या थांबण्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातायत आणि उद्या भांडण लागलं तर ते कागदावर कसं दाखवायचं. मिस्त्रीला यातलं पहिलं चांगलं ठाऊक असतं, पण एका घरापुरतं. एका वेळी चार साइट चालू झाल्या की त्याचं डोकंही पुरत नाही.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. बेळगाव तालुक्यातल्या गावाला बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा लागली की गल्लीगल्लीत बांधकामं निघतात. पाहुणे यायच्या आत घर उभं राहिलंच पाहिजे, तारीख काही पुढं जाणार नाही. समजा आज कॉलम भरून झालेत. सेंट्रिंगला (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या साच्याला) सहा दिवस, लोखंड बांधायला तीन, इलेक्ट्रिशियनला पाइप आणि फॅन बॉक्स टाकायला एक, स्लॅब ओतायला एक. झाले अकरा दिवस. पुढं टेकू. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि पाणी नीट मारलं असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू किमान ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. (दुकानात बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंटच मिळतं, त्याला आणखी थोडे दिवस द्यावे लागतात. हे मालकाला पटवणं हा एक वेगळाच विषय आहे.) मोठा गाळा धरला तर खालच्या विटकामाला हात लागायला आजपासून पंचवीस दिवस. दाराच्या चौकटी तेव्हा लागणार. सुतार म्हणतो पंधरा दिवसांत देतो. म्हणजे त्याच्याकडे दहा दिवस शिल्लक आहेत.

आता साइटवर बघा. मालक रोज सकाळी येऊन कुणावर ओरडतो? सुतारावर! कारण लाकडाचा ॲडव्हान्स त्यानं घेतलाय. आणि इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणाला तर सगळे मान डोलावतात. खालची जाळी बांधून तयार आहे, पाइप टाकल्याशिवाय स्लॅब भरता येत नाही आणि स्लॅबची टोळी तर उद्याचीच ठरवलेली. तो एक दिवस चुकला की टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि परत यायला आठवडा लावते. सुताराचे दहा दिवस गेले तरी चालतं, इलेक्ट्रिशियनचा एक दिवस गेला की यात्रा गाठता येत नाही. कुठला उशीर पचतो आणि कुठला पचत नाही, हे आरडाओरडा सुरू व्हायच्या आधी काढायची रीत म्हणजे क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली. आज प्रायमाव्हेरासारखं सॉफ्टवेअर हेच गणित हजारो कामांवर एका झटक्यात करतं. बेरीज-वजाबाकीच आहे, पण तशी करायची सवय लागायला आम्हाला एक अख्खं सेमिस्टर लागलं.

दुसरी गोष्ट जी मला तिथंच कळली: सिमेंट न लागणारी कामं. साइटवर वाढलेल्या माणसाला काम म्हणजे जिथं घमेली उचलली जातात ते. कागदाला तो काम धरत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या कळसा प्रकल्पाकडे, म्हणजे म्हादई नदीचं पाणी वळवायच्या कालव्याकडे, एकदा या नजरेनं बघा. म्हादई पाणीवाटपाचा लवाद २०१० साली नेमला, निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, राजपत्रात छापून यायला फेब्रुवारी २०२० उजाडला. त्यापुढं जंगल आणि वन्यजीवांच्या परवानग्या. पाणी कुणाचं यावर माझं मत विचारू नका, पाहुण्यांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. पण शेड्युलमध्ये या सगळ्या ओळी कालवा खोदण्याच्या ओळीइतक्याच खऱ्या आणि बहुतेक वेळा तिच्याहून लांब. आपल्या घराच्या बाबतीत त्याच ओळी म्हणजे नकाशा मंजुरी, विजेचं कनेक्शन, बँकेचा हप्ता.

तिसरी, आणि माझ्या मते सगळा खर्च वसूल करणारी गोष्ट म्हणजे करार वाचायला येणं. सरकारी टेंडरात मुदतीपुढं लिहिलेलं असतं, पावसाळा धरून किंवा पावसाळा वगळून. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला त्यातला फरक समजावून सांगायला नको. तरीही ती ओळ न वाचता सही करणारे कंत्राटदार मी पाहिलेत. मोठ्या, परदेशी कर्जावरच्या कामांत फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्याचा करार असतो. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत, जादा वेळ किंवा पैसे मागायचे असतील तर अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर पायाच्या खड्ड्यात खरंच पाणी होतं याला कुणी विचारत नाही.

इथं हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे काम कधी आणि कशानं अडलं याची नोंदवही, कामाला येतं. साधी लांब वही, रकाने आखलेले. आपल्याकडे त्यात "पाऊस, काम बंद" एवढंच लिहून सोडतात. वर्षानं दंडाची नोटीस आली की त्या तीन शब्दांतून काही निघत नाही. लिहायचं असं: कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून, कुठल्या पायाच्या खड्ड्यात किती पाणी, पंप किती चालू होते, कुठलं काम थांबलं, कुठलं चालूच राहिलं, पुन्हा कधी सुरू झालं. शेवटी दोन्ही बाजूंची सही, आणि ती त्याच आठवड्यात, बिलाच्या वेळी नव्हे. हे साइटवरही शिकता येतं म्हणाल. येतं. पण शिकवणाराच "पाऊस, काम बंद" लिहिणारा असेल तर तुम्हीही तेच लिहाल.

कॉलेज काय शिकवत नाही तेही सांगते. सॉफ्टवेअरमध्ये एक कॅलेंडर भरावं लागतं, सुट्ट्या कुठल्या, कामाचे तास किती. पुस्तकातल्या उदाहरणात रविवार भरला की झालं. आपल्याकडे पेरणी आणि भाताच्या लावणीला बिगारी गावाकडे जातात, ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर मिळत नाही, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला अर्धी टोळी गायब, गणपतीत तर बोलायचंच नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिवसाला, बेळगाव शहरात काय होईल आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात खडीचा टिप्पर वेळेत पोचेल का, हे ज्याला ठाऊक त्यानंच ते कॅलेंडर भरावं. शिवाय शिकवणं इंग्रजीत, ऑफिसचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये, टोळीशी बोलणं अर्धं कन्नड अर्धं हिंदी. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिलं सेमिस्टर जड जातं. कन्नड लिहिता-वाचता येणं इथं प्रायमाव्हेराइतकंच उपयोगी पडतं, हे घरात कुणाला रुचलं नाही तरी.

मुलीला साइटवर कोण ठेवणार, हा याच प्रश्नाला जोडून येणारा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचा मला कंटाळा आलाय.

आता प्रवेशाचं. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आपल्या माच्छेतच आहे, १९९८ साली स्थापन झालेलं. कर्नाटकात एम.टेक.ला गेट किंवा पीजीसीईटी या प्रवेश परीक्षांतून जाता येतं. पुण्यात बालेवाडीला निकमार आहे, बांधकाम व्यवस्थापनासाठीच काढलेलं. घरात कुणी अजून बारावीत असेल तर एक लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. माहितीपत्रक वाचा आणि दाखले आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलदार कचेरीत रांग लावू नका.

बी.ई. संपल्या संपल्या जाऊ नका, एवढं मात्र मी सगळ्यांना सांगते. आमच्या वर्गात थेट आलेल्या मुलांना नेटवर्क (कुठल्या कामानंतर कुठलं काम याची आकृती) सुंदर काढता यायचं, पण सेंट्रिंगला सहा दिवस धरायचे की सोळा हे कळायचं नाही, आणि आकडाच चुकीचा घातला तर गणित बरोबर येऊन काय उपयोग? दोन वर्षं साइटवर काढू द्या, जमलं तर बिलिंगमध्ये, म्हणजे माप, एम.बी. (मापांची वही) आणि अडकलेले पैसे तिन्ही बघायला मिळतात. वडिलांचीच कंत्राटं असतील तर त्यांच्याकडे नको, दुसऱ्याकडे. मग स्लॅबचे टेकू कधी काढायचे हे कुणी आणि कशावरून ठरवलं, असा प्रश्न त्याला आपोआप पडायला लागला की फॉर्म भरा. नाहीच पडला तरी काही बिघडत नाही, मिस्त्रीसारखं अर्धं गाव बांधेल की.