चौसष्ट बांबू

ऑडिटला गेले की मी आधी व्हाउचरची फाइल उघडते. ताळेबंद सगळ्यांचेच नीटनेटके असतात, खरी गंमत व्हाउचरांत असते.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता आणि पैठणला सकाळी दहालाच रस्ता तापला होता. संस्थेचं ऑफिस म्हणजे खजिनदार काकूंच्या किराणा दुकानामागची खोली. एका भिंतीला तेलाचे डबे, दुसरीला जगाचा नकाशा. नाथसागरातल्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातल्या, बेटांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी काम करणारी ही छोटीशी संस्था. सात विश्वस्त, पगारी माणूस एकही नाही. फी जेमतेम होती, त्यामुळे अर्ध्या दिवसात उरकायचं असं मी ठरवूनच आले होते. चार वाजता संभाजीनगरला एका कारखान्यात मीटिंग होती.

व्हाउचर नंबर ३७ ला अडले. 'जुनं जाळं, बांबू ६४, सुतळी, मजुरी : रु. १८,६००.' खाली सही, पण रेव्हेन्यू स्टँप नाही. पैसे घेणाऱ्याचं आडनाव तेच, जे सचिवांचं.

धर्मादाय आयुक्तांकडे जो ऑडिट रिपोर्ट जातो, त्यात आम्हाला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. जंगम वस्तूंची यादी ठेवली आहे का, पैसा संस्थेच्या उद्देशाबाहेर गेला का, वगैरे. विश्वस्ताच्याच घरात पैसे गेलेले दिसले की आमचे कान टवकारतात. मी विचारलं, "हे तुमचे कोण?"

"चुलतभाऊ," सचिव म्हणाले. जराही न चाचरता. हे भोई कुटुंबातले, जन्म पाण्यावरच गेलेला. 

"आणि जाळं कशाला? मासे धरायला?"

अध्यक्ष गुरुजींना हसू आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांनी खडू शोधला, मिळाला नाही, मग माझ्याच पेनने रद्दीच्या कागदावर बेट काढलं. "पाऊसकाळापासून पाणीच बेटाची राखण करतं. फेब्रुवारीनंतर पाणी उतरायला लागलं की इथं बेटाला काठाशी जोडणारी जमिनीची मान उघडी पडते. लोक उघड्या गाळात पेरणी, गाळपेरा, करतात, त्याच वाटेनं कुत्री बेटावर चालत जातात. आणि नेमकी मार्च ते मेमध्ये सुरय पक्ष्यांची अंडी तिथं उघड्या वाळूवर असतात. दोन वर्षांमागं एका रात्रीत सगळी वसाहत साफ झाली. म्हणून त्या मानेवर आडवं जाळं."

मला माझ्या व्यवसायाची सवय नडली. बेट सरकारचं, १९८६ पासून पक्षी अभयारण्य, कारभार वनखात्याचा, मग ज्या जमिनीवर संस्थेचा हक्क नाही तिथं खर्च कसा? काकूंनी मुकाट्याने वनखात्याच्या परवानगीचं पत्र फाइलीतून काढून पुढ्यात ठेवलं. गुरुजींनी मात्र नकाशा गाठला आणि दक्षिण अटलांटिकमधल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. साउथ जॉर्जिया. शिकाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि त्यांनी जमिनीवरची घरटी फस्त केली. तिथली तिरचिमणी जगात दुसरीकडं कुठेच नाही, ती उंदीर नसलेल्या कोपऱ्यांत कशीबशी उरली होती. मग स्कॉटलंडमध्ये बसलेल्या एका ट्रस्टने २०११ ते २०१५ मध्ये तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, नंतर वास घेणारी कुत्री नेऊन उंदीर उरलाय का ते शोधलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर केलं. खर्च सुमारे १ कोटी पौंड. "बेट त्यांचं तरी कुठं होतं, ताई?" गुरुजी म्हणाले.

"त्यांनी बिलं तरी ठेवली असतील," मी म्हणाले. काकू पहिल्यांदा हसल्या.

इतिवृत्ताची वही मागितली. ठराव क्रमांक ४ : जाळे खरेदी, तीन भाव मागवले; 'या विषयाचे वेळी सचिव बैठकीतून बाहेर गेले व चर्चेत सहभागी झाले नाहीत.' मोठ्या मोठ्या शिक्षणसंस्थांत ही ओळ मला कधी सापडलेली नाही. "बाहेर जाऊन पायरीवर बसला होता बिचारा," काकू म्हणाल्या. "आन् जाळं मी आमच्या काट्यावर तोललंय. ओलं करून वजन वाढवून आणलं होतं त्याच्या भावानं. परत पाठवलं, वाळवून आणायला लावलं."

सगळं ठीक होतं, तरी मी म्हणाले, "कुंपण प्रत्यक्ष बघावं लागेल."

"बघा की. पन बेटावर उतरायचं नाई," सचिव म्हणाले.

"मी ऑडिटर आहे."

"मॅडम, आमी बी उतरत नाई. मार्चपासून पिल्लं उडंपर्यंत कुनीच नाई. ठराव हाय."

ठराव खरंच होता. गेल्या वर्षी पुण्याचा एक हौशी फोटोग्राफर पन्नास हजारांची देणगी द्यायला तयार होता, फक्त घरट्यांजवळ एक सकाळ हवी होती. गुरुजींनी नाही म्हटलं. काकूंना त्या पन्नास हजारांचं दुःख अजून आहे, हे त्यांच्या सांगण्यातच कळत होतं. पण त्या ठरावावर त्यांचीही सही होती.

शेवटी होडीतून, लांबून बघायचं ठरलं. सचिव एका कोवळ्या हिरव्या बांबूने होडी रेटत होते. बेट म्हणजे मी काहीतरी झाडीबिडी कल्पिली होती. निघाला खडे-वाळूचा उघडा उंचवटा. मानेवर जाळ्याची करडी रेघ. दुर्बीण डोळ्यांना लावली (साहित्य यादीत नोंद क्रमांक ९, ही मात्र प्रत्यक्ष तपासली) आणि बांबू मोजायला लागले. एकसष्ट. पुन्हा मोजले, त्रेसष्ट. उन्हाच्या झळांत बांबू वितळल्यासारखे हलत होते. नीट दिसावं म्हणून मी उभी राहिले, आणि वाऱ्याने ओढणी फडफडली.

अख्खं बेट उठलं. आधी तिथं एक पक्षी धड दिसत नव्हता, आता शेकडो पंख डोक्यावर, कर्कश ओरडा, पिवळ्या चोची थेट आमच्यावर रोखलेल्या.

"खाली बसा!" सचिव ओरडले. मॅडम नाही, ताई नाही. मी फळीवर आदळलेच. त्यांनी दोन रेट्यांत होडी फिरवली आणि घड्याळाकडं बघत राहिले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "वाळूला हात लावून बघा किनाऱ्यावर. तितक्या गरमीत अंडं उघडं पडलं तर आत शिजतंय."

किनाऱ्याला लागल्यावर मी हात लावला. तीन सेकंदही ठेवता आला नाही.

पक्षी खाली बसायला सहा मिनिटं लागली. शेवटच्या काही जणांकडे मी दुर्बिणीतून बघत होते. एक सुरय पाण्यावर आला, पोट बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि थेंब गाळत जाऊन अंड्यांवर बसला. सचिवांनी सांगितलं, दुपारभर असंच चालतं, भिजून यायचं आणि अंडी गार करायची. मी काहीच बोलले नाही. आपल्यामुळे किती अंडी गेली हे विचारायचं होतं, विचारलं नाही. ते बघायला कुणीतरी बेटावर उतरावं लागलं असतं.

कारखान्याची मीटिंग बुडाली. गाडीत बसून टिपण लिहिलं : 'कुंपण होडीतून दुर्बिणीने पाहिले. बांबूंची संख्या निश्चित करता आली नाही. साहित्य पावसाळ्यात काढून ठेवले जाते, तेव्हा प्रत्यक्ष मोजणी करावी.' रेव्हेन्यू स्टँपचा शेरा मात्र मारलाच. तो सोडायचं काही कारण नव्हतं.

ऑगस्टमध्ये परत गेले. पाणी चढलं होतं, ती मान बुडालेली. जाळं काकूंच्या दुकानाच्या माळ्यावर, तेलाच्या डब्यांच्या वर. गिऱ्हाईक माशांच्या वासाची तक्रार करतंय आणि काकू त्याला गप्प करतायत. बांबू खोलीत उतरवून घेतले आणि एकेक मोजला. त्रेसष्ट.

गुरुजींनी चष्मा पुसला. काकूंनी सचिवांकडं बघितलं. सचिव जमिनीकडं.

"एक होडीला लागला, मॅडम," ते म्हणाले. "तुमी बसल्या होत्या त्याच होडीला."

"नव्वद रुपये," काकू म्हणाल्या आणि हात पुढं केला. सचिवांनी शंभराची नोट दिली. काकूंनी दुकानाच्या गल्ल्यातून दहा रुपये सुटे आणले, आणि संस्थेचं पावतीपुस्तक उघडून त्यात कार्बन सरळ केला.