समुद्र दारात, पण भरती असेल तरच

फोटोत कॉटेजच्या फाटकापासून पाण्यापर्यंत जेमतेम वीस पावलं दिसत होती. आम्ही दुपारी दोनच्या सुमारास पोहोचलो, तर समोर नुसती ओली वाळू पसरलेली आणि समुद्र पार लांब, चकाकत्या रेघेएवढा. "आजी, समुद्र कुणी नेला?" भाच्याने विचारलं. फोटो खोटा नव्हता, भरतीच्या वेळी काढलेला होता, एवढंच.

तेव्हा पडदे आणि बाग नंतर बघा, आधी आपल्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे जाते. आमच्याकडे पहिल्या दिवशी भरती सकाळी आठला होती, चौथ्या दिवशी साडेदहाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. मुलं लहान असतील तर मी तेच दिवस धरेन.

पोहताना लाटांच्या रांगेत मधेच एखादा शांत, गढूळ पट्टा दिसला तर तिथे उतरू नका. सोपी जागा वाटते, पण बऱ्याचदा पाणी तिथूनच जोरात आत ओढलं जातं. सापडलातच तर किनाऱ्याकडे झटापट न करता किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं.

आता कॉटेज. "आठ जणांची सोय" म्हणजे पाच जणांना पलंग, दोघांना हॉलमधला सोफा-कम-बेड आणि एकाला जमिनीवर गादी, हे तिथे गेल्यावर कळलं. निजायच्या खोल्या वर, जिना उभा, आणि आईचे गुडघे दुखणारे. मग हॉल आईचा झाला आणि रात्री नऊनंतर सगळं घर कुजबुजत बोलू लागलं. पलंग किती, बाथरूम किती, खाली एखादी खोली आहे का, हे मालकाला आधीच विचारा. गीझरचंही विचारा. आमचा १५ लिटरचा होता. दोन आंघोळी झाल्या की तिसऱ्याने टॉवेल घेऊन वाट बघायची.

खाऱ्या हवेत कपडे वाळत नाहीत, मिठाचे खडे होतात, लाकडी दारं फुगून अडकतात. वाळत घालायची दोरी आणि चिमटे न्या. पाय धुवायला बाहेर नळ असेल तर तो वापरायचाच, नाहीतर मोरीत वाळू अडकून पाणी तुंबतं. आमचं तुंबलं.

सामान उतरवायच्या आधी घरभर मोबाइलवर व्हिडिओ काढा. आम्ही काढला नाही आणि बेसिनचा आधीचाच टवका आमच्या डिपॉझिटमधून गेला. मालकाशी वाद घातला, पण पुरावा काय दाखवणार?

निघायच्या दिवशी चावी दहाला द्यायची होती, भरती साडेदहाला. बॅगा भरून आम्ही गाडीत बसलो, तरी भाचा फाटकापासून पाण्यापर्यंत पावलं मोजत होता. बावीस भरली, त्याची.