मळभ आलं की पोटात गोळा

मे महिन्यात दुपारी आभाळ काळवंडलं की रावेर-यावलकडच्या केळीवाल्या घरांतलं बोलणं बंद होतं. अकरा-बारा महिने जपलेली बाग अर्ध्या तासाच्या वादळात आडवी होते. दहावी-अकरावीतल्या पोरांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे 'हवामान बदलाची चिंता' हे शब्द शहरी वाटले तरी ती चिंता खान्देशात जुनीच आहे. इथं ती कॉलेजच्या फीच्या, पीककर्जाच्या आणि गप्प बसलेल्या बापाच्या रूपात घरात येते.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले ५९ टक्के अतिशय काळजीत होते आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांच्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम होत होता. धोका खरा असताना काळजी वाटणं हा आजार नव्हे. झोप, जेवण, अभ्यास, मित्र सुटायला लागले की मात्र लक्ष घालायला हवं.

सुरुवात झोपेपासून करा. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास गेला की स्लॅब आणि पत्रे रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. गाढ झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, ते उतरत नाही. मग पोरगं रात्री दोनपर्यंत मोबाइलवर पूर आणि वणवे बघत बसतं. या वयात ८ ते १० तास झोप लागते. गच्चीला पांढरा चुना मारा, खाट मच्छरदाणीसह अंगणात टाका, झोपण्याआधी अंघोळ, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. आठवडाभरात चिडचिड उतरली, तर बराचसा दोष उकाड्याचा होता.

दुसरी गल्लत धडधडीची. उन्हातून आल्यावर चक्कर, मळमळ, घाम, धडधड होत असेल तर 'घाबरू नको' म्हणत बसू नका. सावलीत आडवं करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, एक लिटर पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट विरघळवून घोट-घोट पाजा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. मग तोंडानं काही न देता अंगावर पाणी ओतत तडक दवाखाना गाठा. बसल्या जागी अचानक येऊन थोड्या वेळात ओसरणारी धडधड बहुधा घबराटीची असते. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करायला सांगा. पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

बोलण्यात मोठी माणसं फार चुकतात. 'तू अभ्यास कर, वावराचं आम्ही बघू' असं सांगितलं, तरी पोरानं रात्रीचं कुजबुजणं ऐकलेलं असतं. खरा आकडा माहीत नसला की त्याच्या मनातला आकडा दुप्पट होतो. कर्ज किती, विमा काढलाय का, यंदा पीक गेलं तर काय करायचं ठरलंय, हे शांतपणे सांगा. त्याला उपाय विचारू नका, ओझं त्याचं नाही. 'आता तुम्हीच पृथ्वी वाचवा' असली भाषणंही नकोत.

झेपेल एवढं काम मात्र जरूर द्या, तेही दोघा-तिघांत. गारपिटीनंतर नुकसानीचे फोटो काढणं आणि पीकविम्याची सूचना मुदतीत गेली का ते बघणं. नाहीतर गावातल्या चार विहिरींचं पाणी दर पंधरा दिवसांनी दोरीनं मोजून वहीत लिहिणं. हवेत लोंबकळणारी भीती मोजता येणाऱ्या गोष्टीला बांधली की तिचा जोर कमी होतो.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी राहिली, 'आता शिकून काय उपयोग' असं वारंवार निघू लागलं, तर 'मरावंसं वाटतं का?' हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कपाशीची फवारणीची औषधं तर आजच घरातून हलवा आणि कुलपात ठेवा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जाताना त्याच्या आवडीचं माणूस सोबत घ्या, मग ते आई-बापच असायला हवं असं नाही, मामा किंवा आत्याही चालेल.