क्रुसाची खूण सावकाश करताना

आमच्या कॅथलिक घरांत मूल नीट बोलू लागण्याआधी क्रुसाची खूण करायला शिकते. आजी त्याचा चिमुकला उजवा हात धरून कपाळाला, पोटाला, डाव्या आणि मग उजव्या खांद्याला लावते आणि "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन" हे शब्द त्याच्या कानावर घालते. पुढे ही खूण जन्मभर सोबत करते: मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत), जेवणाआधी, प्रवासाला निघताना, आणि नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरावरून जाताना दुचाकी न थांबवताही. अशी सवय असावीच, कारण संकटात शब्द सुचत नाहीत तेव्हा सवयीचा हातच प्रार्थनेला सुरुवात करतो. परंतु त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव) आणि क्रूस हे आपल्या श्रद्धेचे दोन्ही आधार या एका कृतीत एकवटलेले असताना ती दोन सेकंदांत उरकली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती लोक घरात येता-जाता, पायांत वहाणा घालताना, स्नान करताना, जेवायला बसताना आणि दिवे लावताना कपाळावर ही खूण करतात. त्यातील दिव्यांचा उल्लेख मला फार जवळचा वाटतो, कारण आमच्याकडेही दिवेलागणीलाच घरची माणसे जपमाळेसाठी एकत्र बसतात. तेव्हाची खूण कपाळापुरती, लहान होती. खांद्यांपर्यंत जाणारी मोठी खूण नंतर रूढ झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याला हात लावतात. शरणपूर रोडकडच्या आमच्या प्रॉटेस्टंट नातलगांत ही खूण सहसा केली जात नाही, तरी प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेत, सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना ती करायला सांगितलेली आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगते.

सावकाश करायची म्हणजे काय, तर प्रत्येक ठिकाणी हात क्षणभर टेकू द्यायचा. कपाळावर पित्याचे नाव घेताना डोक्यात चाललेले हिशेब, काळज्या आणि बेत त्याच्यापुढे ठेवायचे. हात खाली पोटाशी येतो तेव्हा पुत्राचे नाव येते, आणि देव स्वर्गातून मरियेच्या उदरी आला हे त्या उतरत्या हातातून शरीरालाच उमगते. पोट ही भुकेचीही जागा आहे, त्यामुळे जेवणाआधीच्या खुणेत मी इथेच सर्वाधिक थांबते आणि ज्यांच्या घरी आज चूल पेटली नसेल त्यांची आठवण करते.

खांदे मात्र मला फेब्रुवारीतल्या बाळ येशूच्या यात्रेत नव्याने दिसले. लांबून आलेल्या एका बाईंच्या एका खांद्यावर भरलेली पिशवी होती आणि दुसऱ्यावर झोपलेले मूल. मंदिराच्या दाराशी येताच त्यांनी पिशवी खाली ठेवली, मूल शेजारणीकडे दिले, पदर सारखा केला आणि मगच हात कपाळाला लावला. मागे रांग थांबली होती, पण कोणीही घाई केली नाही. कष्टी आणि भाराक्रांत जनांना येशूने विसावा देऊ केला, तो याच खांद्यांसाठी. तेव्हापासून पवित्र आत्म्याचे नाव घेताना, आपण काय वाहत आहोत आणि ते एकट्यानेच वाहत आहोत का, हे मी स्वतःला विचारते.

मिस्सेत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, वाचण्याआधी आपण कपाळ, ओठ आणि छाती यांवर अंगठ्याने तीन छोटे क्रूस काढतो. देवाचे वचन विचारांत, वाणीत आणि अंतःकरणात राहावे, अशी त्यामागची प्रार्थना आहे. गर्दीच्या रविवारी हे तिन्ही क्रूस मिळून हवेत एकच वळण उरते. मी ओठांवरच्या क्रुसापाशी मुद्दाम थांबते. या आठवड्यात कोणाशी बोलणे राहून गेले आहे, कोणाची विचारपूस झालेली नाही, हे बहुतेक वेळा तिथेच आठवते, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातूनच मी त्या माणसाला फोन लावते.